जिभाऊंची सव्वा मूठ

आमच्या घरात कुणी नुसता आकडा सांगितला की जिभाऊंच्या कपाळाला आठी पडायची. आकडा म्हणजे त्यांच्या लेखी अंगावर कपडे न घालता दारात येऊन उभा राहिलेला पाहुणा. "आधी क्ष धर," ते म्हणायचे, "मंग तोंड उघड."

जिभाऊ म्हणजे माझे धाकटे काका. आमच्याकडे खानदेशात घरातल्या मानाच्या माणसाला जिभाऊ म्हणतात. लोणखेड्याला राहायचे, शहाद्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर ते घरच्यांना शिकवू लागले. शाळेतली मुलं सुटली, आम्ही सापडलो.

त्यांचा सगळा जीव एकाच प्रकरणात अडकलेला होता : शेकडा वाढ. व्याज नको, भूमिती नको. जुनं किती होतं, नवं किती झालं, आणि वाढ किती टक्के. जुन्याला क्ष म्हणायचं, नव्याला य म्हणायचं, य मधून क्ष वजा करायचा, आणि मग (इथे ते थांबून समोरच्याच्या डोळ्यांत बघत) भागायचं कशानं? नव्व्याण्णव माणसं नव्यानं भागतात, असं त्यांचं मत होतं. शंभरावे ते स्वतः.

"वाढ कोनले ईचारानी?" ते ओरडायचे.

"जुनाले!" आम्ही सगळी चुलत-सख्खी भावंडं एका सुरात.

खरं सांगायचं तर मी त्या नव्व्याण्णवांतली पहिली. दहावीच्या वर्षी सुट्टीत ते मला नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर घेऊन गेले. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोठं मोकळं मैदान. नजर जाईल तिथवर लालच लाल. आम्हां दोघांच्या नाकातोंडातून धारा लागलेल्या, आणि त्या अवस्थेत जिभाऊ विचारताहेत, "समज, शंभर किलो ओली मिरची वाळून पंचवीस किलो झाली. घट किती?"

"पंच्याहत्तर टक्के... आक्छी!"

"बराबर. आता समज, त्या पंचवीसची परत शंभर करायची. वाढ किती?"

"पंच्याहत्तर!"

"सत्यानास!" जिभाऊ इतक्या मोठ्यानं ओरडले की मिरची पसरणाऱ्या बायकांनी हातातली दाताळी थांबवली. "आता जुनं कोन शे? पंचवीस! वाढली पंच्याहत्तर, भाग पंचवीसनं! तीनशे! तीनशे टक्के!" मग त्यांनाही एकामागून एक सात शिंका आल्या. पथारीवरची एक म्हातारी मला म्हणाली, "पोरी, तुन्हा बाप का ह्या?" मी म्हटलं, "काका." ती म्हणाली, "मंग चाली जाई." त्यात मला फार धीर वाटला.

त्यांना फोनमधलं कॅल्क्युलेटर चालत नसे. "त्याले क्ष येस का?" असं विचारून ते तो परत करायचे. लिहायला त्यांना वही लागत नसे. काकूच्या स्वयंपाकघराबाहेर गव्हाची पत्र्याची कोठी होती, माणसाच्या छातीएवढी. ती त्यांचा फळा. खडू कायम खिशात, त्यामुळे त्यांचा प्रत्येक सदरा एका बाजूनं पांढरा. काकू कोठी पुसायची तेव्हा म्हणायची, "सारा गावना गहूनं जातावर पीठ व्हस, मन्हा घरना गहूनं गणित व्हस."

आणि त्यांची ती साखर! ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

साठीच्या आसपास डॉक्टरांनी सांगितलं, चहातली साखर वीस टक्क्यांनी कमी करा. जिभाऊंनी काकूचा चमचा ताब्यात घेतला आणि काटेकोर वीस टक्के कमी केली. सहा महिन्यांनी तपासणी चांगली आली. डॉक्टर खुशीत म्हणाले, हरकत नाही मास्तर, आता वीस टक्के वाढवा, पहिल्यासारखी घ्या. जिभाऊंनी वाढवली. चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला.

"हाई पहिलासारखी नही."

"आता काय झालं?" काकू.

ते कोठीकडे गेले. क्ष होती, वीस टक्के कमी झाली, राहिली शून्य पूर्णांक आठ क्ष. तिच्यावर वीस टक्के वाढवली, झाली शून्य पूर्णांक शहाण्णव क्ष. "चार टक्के! मन्ही चार टक्के साखर कोठे गयी?"

"मुंग्या खाई ग्यात!" काकू आतून म्हणाली.

"वीस टक्का कमी कर्यावर परत तठेच येवाले पंचवीस टक्का वाढावनी पडस. डॉक्टरले इतलं समजत नही, आनी मी त्यान्ही दवाई लेऊ?"

साधा माणूस चिमूटभर साखर जास्त घालून मोकळा झाला असता. जिभाऊंनी घातली नाही. डॉक्टरांचा शब्द पाळायचा आणि डॉक्टरांचं गणित चुकलंय हे रोज दोनदा सांगायचं, असं त्यांनी पुढची तेरा वर्षं केलं. येणाऱ्याजाणाऱ्याला कप दाखवत : "गोड शे, पन चार टक्के उनं." लग्न जमवायला आलेले पाहुणेसुद्धा यातून सुटले नाहीत.

मला मात्र या माणसानं गणितात कधी गोडी लावली नाही. त्यांनी दुसरंच काही लावलं. आमच्या जुन्या घराच्या चौकटीवर आम्हां भावंडांच्या उंचीच्या रेघा असत. एका वर्षी माझा भाऊ सगळ्यांना सांगत सुटला की तो माझ्यापेक्षा जास्त वाढला. जिभाऊंनी दोघांच्या जुन्या रेघा मोजल्या, खडू काढला आणि जाहीर केलं की शेकड्यात पाहता मी जास्त वाढले आहे, कारण मुळात मी बुटकी. "लहान क्षनी वाढ मोठी ऱ्हास," ते म्हणाले. भाऊ रडला. मी आठवडाभर मान वर करून चालले. मी आजही बुटकीच आहे, पण शेकड्यात पाहता माझी काही तक्रार नाही.

आता कानबाईचं सांगते, कारण जिभाऊ मला ज्यासाठी आठवतात ते तिथं आहे.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, खानदेशातली घरोघरची देवी. त्याआधी रोटासाठी गहू काढायचे असतात. दर घरची रीत वेगळी. आमची अशी : घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू पितळी डब्यात टाकायचे. कालच जन्मलेलं पोर असलं तरी त्याची सव्वा मूठ. त्या गव्हाच्या पुरणपोळ्या होतात, तो रोट. तो फक्त आमच्या कुळातल्यांनी खायचा. सुना खातात, कारण त्या आमच्यात आल्या. लग्न होऊन गेलेल्या मुली खात नाहीत, कारण त्या दुसऱ्यांच्या झाल्या.

आणि मी? लग्नाच्या चौथ्या वर्षी मी एक बॅग, एक मिक्सर आणि एक कोर्टाचा कागद घेऊन माहेरी परत आले होते. सासर सुरतेकडचं. येताना रेल्वेत नवापूर लागतं. त्या स्टेशनावर एक बाक आहे, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. माझी गत त्या बाकासारखी झाली होती, फरक एवढाच की बाकाचे लोक फोटो काढतात.

माझे वडील, आप्पा, तापीकाठचे शेतकरी. केळीच्या बागेत वाऱ्याशी भांडणारा माणूस. मी परत आले तेव्हा त्यांनी एक शब्द विचारला नाही. कोपऱ्यातली खोली दिली, नवा कूलर आणला, मला टू-व्हीलर शिकवताना स्वतः दोनदा पडले. पण श्रावण आला, आणि रीत म्हणजे रीत. त्या वर्षी सगळे रोटाला बसले आणि आईनं माझ्यासाठी वेगळा कुकर लावला. वरणभात. वर लोणच्याची फोड, तीसुद्धा मोठी, म्हणजे माया कमी नव्हती. मी सगळ्यांना वाढलं, खूप विनोद केले, आणि स्वयंपाकघरात बसून तो वरणभात खाल्ला. कुकरची शिट्टी इतकी मोठी असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

जिभाऊ पाणी प्यायला आत आले. माझं ताट पाहिलं. पाणी न पिताच बाहेर गेले.

पंगत उठल्यावर ओसरीवर त्यांचा आवाज आला, आप्पांना सांगत होते. "भाऊ, वीस माणसं. प्रत्येकाची सव्वा. पंचवीस मुठी. पोरनी सव्वा धरी, ते सव्वासव्वीस. वाढ कितली? पाच टक्के. फक्त पाच."

"तुन्हा क्षले ईचारीसन कानबाई नही येस," आप्पा म्हणाले.

"कानबाईच सव्वा मांगस. एकवर पंचवीस टक्का वाढ तीच मांगस. ते पंचवीस टक्के कोनासाठे?"

"तू चहा पी."

"चहामा चार टक्के..."

"माहीत शे!" सगळी ओसरी एकदम म्हणाली. विषय संपला.

पुढच्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर आप्पा तळोद्याच्या बाजारात चिखलात घसरले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. गहू काढायचा हात तोच. डावा हात देवाच्या कामाला चालत नाही. मग ठरलं : नावं आप्पा घेतील, मूठ जिभाऊ टाकतील.

पण आप्पांना धास्ती. तो पितळी डबा आमच्या आजोबांच्या वेळचा. आत एक रेघ कोरलेली. घरातली माणसं कमीजास्त झाली की रेघही नवी पडायची, पण माणसं तेवढीच असतील तर गहू बरोबर रेघेला लागले पाहिजेत. "डबा उना ते घर उनं," असं आजोबा म्हणत. गेल्या वर्षी वीस पुरुष होते. मध्ये एक म्हातारे गेले, एक बाळ आलं, यंदाही वीस. म्हणजे रेघ गाठायलाच हवी. आणि जिभाऊंचा हात खडूचा, आप्पांचा नांगराचा.

"मोजी लेऊ," जिभाऊ म्हणाले.

पोत्यातले गहू काढले. आप्पांनी डाव्या हातानं चार मुठी तांब्यात टाकल्या. तांब्या गळ्याला लागला. रिकामा करून जिभाऊंनी टाकल्या. पाच लागल्या.

"देखा!" आप्पा म्हणाले. "पाचमा एक कमी. तुन्ही मूठ वीस टक्का लहान शे."

"वीस टक्का," जिभाऊंनी मान हलवली.

"ते वीस टक्का वाढाई टाक. सव्वाना जागावर दीड. सव्वावर वीस टक्का म्हनजे दीड, बराबर ना मास्तर?"

"सव्वावर वीस टक्का म्हनजे दीडच," जिभाऊ म्हणाले. "बरं, भाऊ."

मी दारात बसले होते. बाकीचे बसले होते त्या चटईवर नाही, उंबऱ्याशी. आणि माझ्या डोक्यात, जिथं आजवर कधी दिवा लागला नव्हता, तिथं काहीतरी लुकलुकलं. वीस टक्के कमी. वीस टक्के वाढ. चहा! ज्या माणसानं चार टक्के साखरेसाठी डॉक्टरांना वर्षानुवर्षं सोडलं नाही, तो "बरं, भाऊ" म्हणतो? मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला गणित सुटलं, आणि पहिल्यांदाच मी तोंड मिटून बसले.

आप्पांनी नावं घ्यायला सुरुवात केली. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. प्रत्येक नावाला जिभाऊंची एक मूठ, मग अर्धी. गव्हाचा तो पितळेवर पडतानाचा आवाज, मग गव्हावर गहू पडतानाचा. विसावं नाव बाळाचं. त्याची दीड मूठ पडली, तेव्हा ते आईच्या मांडीवर झोपलं होतं.

आप्पांनी डब्यात वाकून पाहिलं.

रेघ उघडी होती. करंगळी आडवी ठेवली तर मावेल, इतकी.

आप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. एकदा डब्यात पडलेले गहू परत काढत नाहीत, आणि नाव घेतल्याशिवाय मूठ टाकत नाहीत. नाव नसलेली मूठ कुणाला लागेल याचा नेम नसतो, असं आमच्याकडे मानतात.

"असं कसं व्हयनं?" आप्पा म्हणाले. "दीड टाकी ना तू?"

जिभाऊ उठले. खडू काढला. पण कोठी लोणखेड्याला, आमच्या घरी कोठी नव्हती. त्यांनी आईच्या फ्रिजच्या दारावर लिहिलं. तुझी मूठ क्ष. माझी मूठ शून्य पूर्णांक आठ क्ष. अशा दीड मुठी वीस वेळा, म्हणजे तीस. तीस गुणिले शून्य पूर्णांक आठ क्ष.

"चोवीस क्ष," ते म्हणाले. "पाहिजे व्हतात पंचवीस क्ष. पंचवीसवर एक कमी. चार टक्के."

"साखर!" काकू ओरडली आणि तोंडावर पदर धरला.

"मंग आते?" आप्पांना साखरेत रस नव्हता. "कितलं उनं शे?"

"एक क्ष. भाऊ, तुन्ही एक मूठ."

"आनी तुन्ही?"

जिभाऊंनी फ्रिजवर शेवटची ओळ लिहिली. एक भागिले शून्य पूर्णांक आठ. मग खडू खिशात ठेवला, हात झटकले, आणि अगदी हळू म्हणाले, "मन्ही सव्वा."

सव्वा मूठ म्हणजे काय, हे त्या घरात दीड वर्षाच्या पोरालासुद्धा कळत होतं. सव्वा मूठ म्हणजे एक माणूस.

आप्पा डब्याकडे पाहत राहिले. "वीस तर झालेत. नाव कोनं लेऊ?"

"ते गणितमा नही, भाऊ," जिभाऊ म्हणाले. "ते तू सांग."

मला तिथून उठायचं होतं. विनोद सुचत नव्हता, आणि विनोद सुचला नाही की मला स्वतःच्या हातांचं काय करावं कळत नाही. आप्पांनी प्लास्टरचा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. उंबऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी माझं नाव घेतलं. शाळेतलं नाही, कागदावरचं नाही. लहानपणी बांधावरून हाक मारायचे ते.

जिभाऊंची एक मूठ पडली. मग पाव. गहू रेघेला लागले.

"चटईवर बस ना," आप्पा मला म्हणाले, "तठे उंबरावर काय बसनी?" जणू मीच हट्टानं तिथं बसले होते.

त्या वर्षी मी रोट खाल्ला. चार पोळ्या खाल्ल्या, तूप ओघळेपर्यंत, आणि पाचवी घेताना भाऊ म्हणाला, "अगं, पाच टक्केच ठरले होते." त्याला चौकटीवरच्या रेघेचा सूड घ्यायचा होता, घेऊ दिला.

चार दिवसांनी लोणखेड्याला गेले तेव्हा काकूनं मला कोठीमागे नेलं. "तुले काय वाटनं, त्यासनी मूठ इतली लहान शे? शेंगा देतस तव्हय देख, माय, आप्पापेक्षा मोठी!" मग हसू आवरत तिनं सांगितलं : आप्पांचा हात मोडल्याची बातमी आल्या दिवसापासून पंधरा दिवस हा माणूस कोठीशी बसून मूठ आवळायचा सराव करत होता. कमी आली की सैल, जास्त आली की घट्ट. तराजू शेजारी, आप्पांच्या मुठीचं वजन गेल्या सालच्या डब्यावरून काढलेलं. "एकोणीस टक्का ना, एकवीस ना. वीसच पाहिजे, म्हनेत. मी म्हनू, हाऊ मास्तर येडा व्हयना."

आप्पा डावा हात वापरतील आणि वीसवर वीस चढवतील, हे तुम्हाला कसं ठाऊक, असं मी जिभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "मी चाळीस वरीस शिकाडं. मानूस कोठे चुकस, तितलंच माले माहीत शे."

जिभाऊ जाऊन आता चार वर्षं झाली. तेराव्याला काकूनं पहिला चहा त्यांच्या फोटोपुढे ठेवला, तेव्हा साखरेच्या डब्यातून आणखी एक चिमूट काढून त्यात टाकली, आणि फोटोला म्हणाली, "ल्या. आते बोलू नका."

पण मला ते आठवतात ते त्या प्लास्टरनंतरच्या श्रावणात. आप्पांचा हात बरा झाला होता. मूठ त्यांची, सव्वा त्यांची, नावं वीस. शेवटचं नाव झालं आणि गहू बरोबर रेघेला लागले. तूट नाही, फ्रिज नाही, खडू नाही. मला अवघड वाटलं. कुणाला संकोच नको म्हणून मी दूध बघायला उठले.

"कोठे चालनी?" आप्पांचा आवाज. आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, माझं नाव. एक मूठ. मग पाव.

"आप्पा, रेघेच्या वर गेले," भाऊ म्हणाला.

जिभाऊ कोपऱ्यात बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. "सांग. वाढ?"

"जुने पंचवीस क्ष," मी म्हटलं. "नवे सव्वासव्वीस क्ष. वाढली सव्वा क्ष. भागिले... जुन्यानं. पाच टक्के."

"क्ष कोठे गया?"

"वर सव्वा क्ष, खाली पंचवीस क्ष. कटला."

"म्हनजे मूठ कोनी पाहिजे?"

"कुणाचीही असो. पाचच."

जिभाऊंनी मान हलवली. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून मला मिळालेले पूर्ण गुण तेवढेच. त्यांनी खिशातून खिळा काढला (खडूबरोबर खिळाही आणला होता, म्हणजे पहा) आणि आप्पांपुढे धरला. आप्पांनी डबा स्वतःकडे ओढला आणि गहू जिथवर आले होते तिथं, जुन्या रेघेच्या वर, दाबून एक नवी रेघ ओढली.

"पुढला साले," ते म्हणाले, "हाईच जुनी."